मॉर्फीन दिल्यावर उंदीर का पळतो: वजाबाकीची चिन्हं मोजून उत्तर कसं काढायचं

लॅबमधल्या पहिल्याच महिन्यात एका उंदराच्या नोंदीपुढे मी वहीत लिहिलं होतं, "डोस चुकला?" मॉर्फीनचं इंजेक्शन मीच दिलं होतं. वीसेक मिनिटांत तो गुंगेल, कोपऱ्यात पडून राहील आणि मी निवांत पुढचा पिंजरा उघडीन, असा माझा हिशोब होता. उंदीर मात्र पेटीच्या भिंतीला अंग घासत गोल गोल धावत सुटला. दहा मिनिटं झाली, चाळीस झाली, तरी थांबायचं नाव नाही. वर शेपटी पाठीवर ताठ उभी, जणू कोणी आतून तार घातलीय. शेजारच्या टेबलावरचे आमचे तंत्रज्ञ काका वाकून बघून गेले. म्हणाले, "डोस बरोब्बर आहे. असाच पळतो तो."

गेली कित्येक वर्षं मी फार्माकॉलॉजी शिकवते आणि दर वर्षीची बॅच याच दगडाला ठेचकाळते. मॉर्फीन म्हणजे गुंगी हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं, की पळणारा उंदीर दिसला तर मुलं उंदरावरच अविश्वास दाखवतात. म्हणून मी एक रीत बसवली आहे. लागतं काय, तर कागद, पेन्सिल आणि खोडरबर. खोडरबर जास्त लागतो.

(शब्दांचा एक घोळ आधीच मिटवते. मराठीत छोटा आणि मोठा दोन्ही उंदीरच. लॅबमध्ये छोट्याला माउस आणि मोठ्याला रॅट म्हणतात. इथे मी नुसतं "उंदीर" म्हणेन तेव्हा छोटा समजा, मोठ्याला रॅटच म्हणेन. दोघं वेगळं वागतात, म्हणून हा खटाटोप.)

आधी एकच चिन्ह शिका

ओपिऑइड म्हणजे मॉर्फीनसारखी, अफूच्या जातीची द्रव्यं; रिसेप्टर म्हणजे पेशीवरची ती चिकटायची जागा. ओपिऑइड रिसेप्टर मुख्यतः चार: म्यू, डेल्टा, कॅपा आणि उशिरा सापडलेला नोसिसेप्टिन रिसेप्टर. मेंदूत अफूच्या जातीची औषधं चिकटायला खास जागा आहेत, हे १९७३ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं: बाल्टिमोरमध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर, न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन, स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस. जागा आहे म्हणजे शरीराचं स्वतःचं काहीतरी तिथे बसत असणार. १९७५ मध्ये ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी ते शोधून काढलं आणि एन्केफॅलिन हे नाव दिलं. डायनॉर्फिन हे शरीराचं दुसरं घरचं ओपिऑइड त्यानंतर चार वर्षांनी आलं. नावांच्या गमती परीक्षेत येत नाहीत, पण लक्षात राहतात. म्यू हे मॉर्फीनवरून, कॅपा हे केटोसायक्लॅझोसिन नावाच्या औषधावरून आणि डेल्टा हे चक्क उंदराच्या शुक्रवाहिनीवरून, कारण त्याचा पत्ता आधी तिथे लागला. मेंदूतल्या रिसेप्टरला शुक्रवाहिनीचं नाव, असं विज्ञानात चालतं.

हे सगळं विसरलात तरी चालेल. हे मात्र विसरू नका: चौघांचंही पेशीवरचं मूळ काम एकच, आवर घालणं. रिसेप्टरला औषध चिकटलं की पेशीच्या आतलं जी-प्रोटीन सुटतं. पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी पेटायला जड होते. टोकाशी कॅल्शियमची दारं बंद होतात, त्यामुळे रसायन कमी सुटतं. आत सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीच्या आत निरोप पोचवणारं रसायन, घटतं. तिन्हींचा अर्थ एक, पेशी गप्प.

म्हणून कागदावर ओपिऑइड रिसेप्टर काढताना शेजारी फक्त वजा. अधिकाचं चिन्ह काढायची परवानगी नाही. माझ्या वर्गात मॉर्फीनकडून डोपामिनच्या (हे मेंदूतलं एक निरोप्या रसायन) पेशीकडे थेट अधिकचा बाण काढणाऱ्याला मी तो बाण खोडायला लावते. उत्तर बरोबर असलं तरी.

मग विचारा: बसलाय कुणावर?

आता पहिलं चित्र काढा. मधल्या मेंदूत डोपामिनच्या पेशींचा एक पुंजका असतो, व्हेंट्रल टेगमेंटल एरिया, आपण व्हीटीए म्हणू. तिथून डोपामिन पुढे न्यूक्लियस अक्युम्बेन्स या मेंदूच्या भागात सुटतं आणि ते वाढलं की उंदीर हिंडू लागतो. या डोपामिनच्या पेशींवर शेजारच्या गाबा पेशींचा, म्हणजे इतर पेशींना गप्प करणारं गाबा हे रसायन सोडणाऱ्या पेशींचा, कायम दाब असतो. शाळेतल्या बडबड्या वर्गासमोर वेताची छडी घेऊन उभा असलेला मॉनिटर डोळ्यांसमोर आणा. म्यू रिसेप्टर बसलेत ते या मॉनिटरवर.

चिन्हं मोजा. मॉर्फीनने गाबा पेशीला गप्प केलं, एक वजा. गाबा पेशी डोपामिनच्या पेशीला दाबत होती, दुसरा वजा. वजा गुणिले वजा अधिक. डोपामिन वाढलं, उंदीर पळाला. १९९२ मध्ये स्टीव्हन जॉन्सन आणि ॲलन नॉर्थ यांनी रॅटच्या मेंदूच्या कापांवर विजेची नोंद घेऊन हे दाखवलं: ओपिऑइड डोपामिनच्या पेशींना चिथावतात, पण शेजारच्या गाबा पेशींना झोपवून. पुढे कळलं की या दाबातला मोठा वाटा व्हीटीएच्या शेपटीकडच्या एका छोट्या गाबा पुंजक्याचा आहे आणि तिथे म्यू रिसेप्टर खच्चून भरलेत. माझ्या जुन्या आकृतीत हा पुंजका नव्हता. पुढे बाजूला चिकटपट्टीने कागद जोडून काढला, तो तसाच आहे.

त्याच कागदावर आता कॅपा काढा. कॅपा रिसेप्टर बसलेत डोपामिनच्याच तंतूंच्या टोकांवर. तिथे मधला मॉनिटर नाही. कॅपा चालू झाला की एकच वजा, डोपामिन कमी. कॅपाची औषधं दिलेला उंदीर मंदावतो, माणसाचं मन बिनसतं. साल्व्हिया नावाच्या मेक्सिकन वनस्पतीतलं द्रव्य, साल्व्हिनॉरिन ए, कॅपावरच बसतं. माणसांना ते भ्रमात नेतं, पण मॉर्फीनसारखं सुख त्यात सहसा नसतं.

म्यू आणि कॅपा सख्खी भावंडं, दोघांचाही स्वभाव "आवर"च, आणि परिणाम उलटे. रिसेप्टरचा स्वभाव पाठ करून उपयोग नाही, पत्ता पाठ करा, हे मी वर्गात इतक्यांदा म्हणते की मागच्या बाकावरची मुलं माझ्याबरोबर ओठ हलवतात.

स्ट्रायटममध्ये वेळ काढा

इथे घाई करू नका. मेंदूत हालचालीचा तराजू जिथे आहे त्या बेसल गँग्लियाचं प्रवेशद्वार म्हणजे स्ट्रायटम. उंदराच्या स्ट्रायटममधल्या सुमारे पंचाण्णव टक्के पेशी एकाच जातीच्या, काटेरी आणि गाबा सोडणाऱ्या. पण त्यांचे दोन गट पडतात आणि गंमत अशी, की प्रत्येक गट गाबाबरोबर आपापलं घरचं ओपिऑइडही बनवतो.

एका गटावर डोपामिनचे डी-१ रिसेप्टर आणि पोटात डायनॉर्फिन. ही थेट वाट. दुसऱ्या गटावर डी-२ आणि पोटात एन्केफॅलिन. ही वळणाची वाट. कागद आडवा धरा आणि दोन्ही वाटा एकाखाली एक काढा.

थेट वाट: स्ट्रायटम ग्लोबस पॅलिडसच्या (बेसल गँग्लियाचाच पुढचा भाग) आतल्या भागाला दाबतं (वजा), तो भाग थॅलॅमसला (मेंदूतलं निरोप पुढे धाडणारं ठाणं) दाबत असतो (वजा), थॅलॅमस कॉर्टेक्सला, म्हणजे मेंदूच्या वरच्या थराला, चेतवतो (अधिक). दोन वजा, म्हणजे अधिक. ही वाट चालू झाली की हालचाल मोकळी.

वळणाची वाट: स्ट्रायटम पॅलिडसच्या बाहेरच्या भागाला दाबतं (वजा), तो सबथॅलॅमिक न्यूक्लियसला दाबतो (वजा), ते आतल्या पॅलिडसला चेतवतं (अधिक), आणि आतला पॅलिडस थॅलॅमसला दाबतो (वजा). तीन वजा, विषम संख्या. ही वाट चालू म्हणजे ब्रेक.

डोपामिन पहिल्या वाटेला डी-१ मधून अधिक देतं, दुसरीला डी-२ मधून वजा. विषम अधिक एक, सम. दोन्हीकडून निकाल तोच: हालचाल वाढते. आता पार्किन्सनच्या आजारात डोपामिन गेलं की काय होतं ते स्वतः मोजून बघा. मी सांगत नाही.

मोजलंत? मग पुढे चला. वळणाच्या वाटेच्या टोकाला, बाहेरच्या पॅलिडसमध्ये, एन्केफॅलिन सुटतं. ते आपल्याच तंतूंच्या टोकांवर बसून गाबाचं सुटणं कमी करतं. ब्रेकच्या वाटेवर आणखी एक वजा लागला, तीनाचे चार झाले, ब्रेक सैल. प्राण्यांच्या पॅलिडसमध्ये बारीक नळीतून एन्केफॅलिनसारखी द्रव्यं सोडली की ते जास्त हिंडतात, हा प्रयोग बऱ्याच जणांनी केलाय. ब्रेक दाबणाऱ्या पेशीनेच ब्रेकला तेल सोडायचं, हे मला पहिल्यांदा समजलं त्या संध्याकाळी मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला होता.

डायनॉर्फिनचं उलट. थेट वाटेच्या पेशी डोपामिनने फार चेतवल्या गेल्या की त्या जास्त डायनॉर्फिन बनवतात. ते डोपामिनच्या टोकांवरच्या कॅपाला चिकटतं आणि डोपामिन कमी करतं. नळ फार सुटला की आतूनच थोडा बंद करायची सोय. कोकेन वारंवार दिलेल्या प्राण्यांत डायनॉर्फिनचं जनुक जोरात चालू होतं ते याचमुळे.

स्ट्रायटमचा आणखी एक गुण डोळ्यांनी दिसणारा आहे. म्यू रिसेप्टर रंगवलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलात तर स्ट्रायटम एकसारखं दिसत नाही. गडद बेटं दिसतात, पावसानंतर अंगणात साचलेल्या डबक्यांसारखी. या बेटांना स्ट्रायोसोम म्हणतात, मधल्या फिक्या भागाला मॅट्रिक्स. १९७८ मध्ये ॲन ग्रेबिएल आणि क्लिफ्टन रॅग्सडेल यांनी एका वेगळ्याच एन्झाइमच्या रंगातून ती दाखवली होती. म्यूचा रंग त्याच बेटांवर बसतो. बेटांतल्या पेशींचे तंतू सबस्टँशिया नायग्रा या मधल्या मेंदूतल्या दुसऱ्या पुंजक्यातल्या डोपामिनच्या पेशींपर्यंत जातात. म्हणजे म्यूने बेटाला गप्प केलं तर... मोजा.

एक इशारा. ही दोन वाटांची आकृती १९८० च्या दशकाच्या शेवटी घडली आणि शिकवायला फार सोयीची आहे. पण २०१३ मध्ये उंदरांच्या जिवंत स्ट्रायटममध्ये दोन्ही वाटांच्या पेशींचा प्रकाश मोजला तेव्हा हालचाल सुरू होताना दोन्ही एकत्र पेटताना दिसल्या. गाडी वळवताना आपण ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही वापरतोच की. चिन्हं मोजून दिशा कळते. उंदीर डावीकडे वळेल की थांबून मिशा साफ करेल, ते या कागदातून निघत नाही. तेवढ्यासाठी कागद फाडू नका.

कोण, किती, केव्हा

"मॉर्फीनने हालचाल वाढते का?" या प्रश्नाला उत्तर देऊ नका. समोरच्याला तीन उलटे प्रश्न विचारा.

कोणाची? उंदीर पळतो. रॅट मोठ्या डोसला आधी दगडासारखा थिजतो, आणि तास-दोन तासांनी, औषध उतरताना, पळायला लागतो. मांजर मोठ्या डोसला बिथरतं. घोडा तबेल्यात येरझारा घालतो. फेंटानिल (मॉर्फीनच्याच जातीचं, पण बरंच तीव्र औषध) दिलेल्या घोड्याची पावलं मोजणं ही एके काळी संशोधनातली रूढ चाचणी होती. माणूस पेंगतो. उंदरांतही सी५७ब्लॅक-६ जातीचे धूम पळतात, डीबीए-२ जातीचे फारसे नाही. म्यूचं जनुकच काढून टाकलेले उंदीर १९९६ मध्ये ब्रिजिट किफर यांच्या गटाने बनवले. अशा उंदरांना मॉर्फीन द्या, पळत नाहीत. म्हणजे पळण्याला म्यूच लागतो एवढं पक्कं, पण म्यू आहे म्हणून पळेलच असं नाही.

किती, आणि केव्हा पाहिलं? रॅटला इंजेक्शन देऊन अर्ध्या तासाने पाहणारा लिहील "मॉर्फीनने हालचाल थांबते". तिसऱ्या तासाला पाहणारा लिहील "वाढते". दोघंही खरं बोलतात आणि भांडतात. लेख वाचताना आलेखाच्या आडव्या अक्षावर किती मिनिटं आहेत ते आधी बघायची सवय लावा. शिवाय हाच डोस रोज दिला की पळणं दिवसागणिक वाढत जातं, वेदना कमी करण्याचा गुण मात्र घसरत जातो. पहिल्या दिवसाचा उंदीर आणि दहाव्या दिवसाचा उंदीर हे दोन वेगळे प्राणी समजा.

आणि शेपटी? ताठ शेपटी जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर श्ट्राउब यांनी १९११ मध्ये नोंदवली, आजही तिला त्यांचंच नाव आहे. उंदराला मॉर्फीन चढलंय हे सांगणारी इतकी स्वस्त खूण दुसरी नाही. पण ती बेसल गँग्लियाच्या नकाशावर काढू नका. ती पाठीच्या कण्यातल्या खालच्या भागातून येते, शेपटीच्या बुडाशी असलेला स्नायू आखडतो म्हणून. मी दोन वर्षं ती डोपामिनच्या खात्यात टाकत होते.

"हलत नाही" म्हणजे काय, हे बोट लावून पाहा

इथे मी सर्वांत वाईट चुकले, म्हणून सविस्तर.

रॅटवरच्या एका प्रयोगात मी मोठ्या डोसनंतर निपचित पडलेल्या प्राण्यांसमोर "झोप" असा शिक्का मारत गेले. अठरा प्राणी. मार्गदर्शक बाई आल्या, वही वाचली, काही बोलल्या नाहीत. एका रॅटला उचलून त्याचे पुढचे पाय आडव्या दांडीवर ठेवले आणि हात काढून घेतला. झोपलेला प्राणी घसरून पडतो. हा तसाच राहिला, डोळे उघडे, पुतळ्यासारखा. मिनिट झालं तरी पाय जागचे हलले नाहीत. मग त्यांनी फक्त विचारलं, "झोपेत असं उभं राहता येतं का गं?" अठराही नोंदी रद्द.

याला कॅटॅलेप्सी म्हणतात आणि दांडीची चाचणी जगभर अशीच होते: दांडी काही सेंटिमीटर उंच, पुढचे पाय तिच्यावर, स्टॉपवॉच. किती सेकंदांनी प्राणी पाय खाली घेतो ते लिहायचं.

आता पुढची पायरी, जी बहुतेक जण गाळतात. त्याला बाजूने हलकेच ढकला. हॅलोपेरिडॉल दिलेला रॅट, म्हणजे ज्याचे डोपामिन रिसेप्टर अडवलेत तो, ढकलल्यावर पाय रोवतो, अंग टेकवून तोल सांभाळतो. त्याला उभं राहणं जमतं, निघणं जमत नाही. मॉर्फीनचा रॅट पाय रोवत नाही. ढकललात तर तो ढकलला जातो, किंवा पुढे सुटतो. दांडीवर दोघांचा आकडा सारखा येईल, बोटाखाली दोघं वेगळे. हा फरक १९८० मध्येच छापून आलाय, तरी अजून "कॅटॅलेप्सी आली, म्हणजे डोपामिन घटलं" असं बिनदिक्कत लिहिणारे भेटतात. व्हीटीएचा कागद काढा: त्याच मॉर्फीनने डोपामिन वाढतंय. थिजणं दुसऱ्या कुठल्या तरी पत्त्यावरून येतंय.

माणसातला याचा भाऊबंद भूलतज्ज्ञांना ठाऊक असतो. फेंटानिलच्या जातीचं औषध शिरेतून मोठ्या डोसमध्ये भरकन दिलं तर कधी छाती आणि पोटाचे स्नायू लाकडासारखे ताठ होतात, इतके की फुगा दाबूनही हवा आत जाईना. ओपिऑइड रिसेप्टरची जागा अडवणाऱ्या नॅलोक्सोनने हे उतरतं, आणि मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप तोडणारं औषध दिलं तरी उतरतं. स्नायूचा स्वतःचा दोष नाही, वरून आलेला हुकूम तसा आहे. म्हणून ही औषधं हळू देतात, हाताशी श्वास देण्याची तयारी ठेवून.

दुसरी गफलत वेदनेची. गरम पाटावर ठेवलेला उंदीर पंजा चाटतो किंवा उडी मारतो, तो किती सेकंदांनी, यावरून वेदनाशामक तपासतात. पण चाटणं ही हालचाल आहे. ज्याला हलताच येत नाही तोही चाटणार नाही, आणि तुम्ही लिहाल "वेदना गेली". म्हणून त्याच डोसला तोच उंदीर फिरत्या दांड्यावर, म्हणजे रोटारॉडवर, टिकतो का ते शेजारीच पाहा. उलट बाजूने: पाय दुखावलेला उंदीर हिंडत नाही, थोडं मॉर्फीन दिल्यावर हिंडतो. वेदना गेली म्हणून, की मॉर्फीनने उंदीर पळतोच म्हणून? न दुखावलेल्या उंदरांना तोच डोस देऊन पाहिल्याशिवाय हे सुटत नाही. माझ्याकडे प्रबंध तपासायला येतो तेव्हा मी आधी हा गट शोधते. नसेल तर बाकीचा प्रबंध हळू वाचते.

उलट तपासणी

कागदावर चित्र जमलं की ते मोडून पाहायचं. पहिलं हत्यार नॅलोक्सोन: रिसेप्टरवर बसतं, पण आवर घालत नाही, नुसती जागा अडवतं. नॅलोक्सोनने परिणाम गेला तर काम ओपिऑइड रिसेप्टरचं. कोणत्या, ते कळायला नेमके अडवणारे लागतात; डेल्टासाठी नाल्ट्रिंडोल, कॅपासाठी नॉर-बिनाल्टॉर्फिमिन. दुसरं अंगावर यायच्या ताकदीचं आहे, एकदा दिलं की त्याचा असर कित्येक दिवस राहतो. आठवड्याच्या सुरुवातीला दिलेलं विसरून शेवटी भलताच प्रयोग करू नका.

आता एक सापळा, जो मी दर वर्षी लावते. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण माणसं अचानक पार्किन्सनच्या शेवटच्या टप्प्यासारखी थिजून दवाखान्यात आली. सगळ्यांनी चोरट्या लॅबमध्ये बनवलेलं एक ओपिऑइड टोचून घेतलं होतं. मी विचारते: कोणता रिसेप्टर? हात वर जातात, म्यू, कॅपा, कोणी डेल्टाही म्हणतं. उत्तर: कोणताच नाही. बनवताना चूक झाली आणि एमपीटीपी नावाचं भेसळद्रव्य तयार झालं. मेंदूत एमएओ-बी एन्झाइम त्याचं विष बनवतं, ते डोपामिनच्या पेशी स्वतःहून आत ओढून घेतात आणि मरतात. भेसळद्रव्याचा हा संबंध विल्यम लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडला. नॅलोक्सोन ओतलं असतं तरी ती माणसं हलली नसती. औषधाच्या नावात ओपिऑइड आहे म्हणून हालचालीचा दोष रिसेप्टरवर टाकायचा नसतो. तसंच पेथिडिन या ओपिऑइडचं शरीरात तुटून जे होतं, त्याने झटके येतात. तेही म्यूच्या वाटेने नाही.

घरात रुग्ण असेल तर

हे लिहिते कारण नातेवाईक विचारतात. तीव्र वेदनेसाठी मॉर्फीन चालू असलेल्या माणसाचे हात-पाय अधूनमधून दचकल्यासारखे उडत असतील, विशेषतः मूत्रपिंडं अशक्त असताना, तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. स्वतः डोस वाढवू नका, आणि एकदम बंदही करू नका. नव्याने सुरू झालेल्या किंवा वाढवलेल्या डोसच्या दिवसांत वृद्ध माणूस रात्री एकटा उठणार नाही असं बघा. पडण्याचा धोका खरा आहे.

एकदम बंद केल्यावर काय होतं तेही याच पद्धतीने कळतं. रोज वजा लागणारी पेशी हळूहळू आतून अधिक ढकलायला लागते, सायक्लिक एएमपीचा कारखाना वाढवते. वजा काढून घेतला, अधिक तसाच उरला. ब्रेनस्टेममधल्या लोकस सेरुलियस या पुंजक्यात हे नीट तपासलं गेलंय. तिथून नॉरॲड्रिनलिन या चेतवणाऱ्या रसायनाचा लोंढा सुटतो. सवय लागलेल्या उंदराला नॅलोक्सोन दिलं की तो उंच काचेच्या नळकांड्यात टणाटण उड्या मारतो, आणि रॅट भिजलेल्या कुत्र्यासारखं अंग झटकतो. दोन्ही मोजायच्या रीती आहेत. माणसाचे पाय रात्रभर स्वस्थ राहत नाहीत. क्लोनिडिन या औषधाचा इथे उपयोग होतो, कारण ते त्याच पुंजक्याला दुसऱ्या रिसेप्टरमधून गप्प करतं. वेगळं दार, वजा तोच.

पायांवरून आठवलं. अस्वस्थ पायांचा आजार, ज्यात संध्याकाळ झाली की पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, त्यावर अफूचा अर्क चालतो हे थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये लिहून ठेवलंय, रिसेप्टर सापडायच्या तीनशे वर्षं आधी. आजही इतर औषधांनी न आवरणाऱ्या तीव्र रुग्णांत, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, कमी डोसचं ओपिऑइड देतात.

शेवटचा स्वाध्याय

लोपेरामाइड हे जुलाबावरचं औषध म्यूवर चांगलं बसतं. उंदराला दिलं. पळेल?

पळत नाही. आतड्यातले म्यू गप्प होतात, जुलाब थांबतो, उंदीर नेहमीसारखा बसून मिशा साफ करतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक पंप असतो, पी-ग्लायकोप्रोटीन. तो लोपेरामाइडला आत आल्या पावली बाहेर टाकतो. व्हीटीएचा मॉनिटर जागाच राहतो. १९९० च्या दशकात हा पंप नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांना तेच साधं लोपेरामाइड दिल्यावर मॉर्फीन दिल्यासारखी लक्षणं दिसली.

तुमच्या कागदावर पंप कुठे काढाल ते ठरवा. बहुतेक जण व्हीटीएच्या शेजारी काढतात, आणि मी खोडरबर पुढे करते. तो चौकटीवर काढायचा असतो, सगळ्या बाणांच्या बाहेर.